शिवड्याच्या फुग्यापर्यंत : भीमा-सीनेकाठचे पाच दिवस

पहिला दिवस : मासळी बाजार आणि हिप्परगा

सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला की सोलापुरात थंडीचे मोजके खरे दिवस हाती लागतात. दुपारी ऊन पुन्हा डोकं वर काढतंच, पण पहाटे पाचला स्वेटर घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. कॉलेजला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं मिशीवाल्या माशांच्या अंगातले परजीवी बघते आहे. मिशीवाले म्हणजे ज्यांना लोक आता सर्रास कॅटफिश म्हणतात ते. खवले नसलेले, बुळबुळीत, तोंडाशी मिशा असलेले मासे : शिवडा, शिंगटा, मागूर. एकाच फेरीत तीन ठिकाणचं पाणी बघायचं असं या वेळी ठरवलं होतं. शहराजवळचा हिप्परगा तलाव, उजनीचा फुगवटा आणि कुडलचा भीमा-सीना संगम.

सोबत माझी एमएस्सीची विद्यार्थिनी होती. गाडी चालवायला मामा. मामांनी चादर कारखान्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात, तीस वर्षं काढली आहेत. निवृत्त झाल्यापासून मी कुठे जाते म्हटलं की किल्ली घेऊन उभे.

आमचा नियम एकच. परजीवी मिळावा म्हणून मासा मारायचा नाही. शिवडा जगभरच्या धोक्याच्या यादीत आहे आणि आपला देशी मागूर तर त्याहून वरच्या, संकटग्रस्त गटात. म्हणून जो मासा कुणाच्या तरी कालवणात जाणारच आहे, त्याची फेकून द्यायची आतडी, कल्ले आणि पोटातला हवेचा फुगा आम्ही मागून घेतो. त्यासाठी पहाटे बाजारात पोचावं लागतं, कारण मासा मेल्यावर आतला कृमीही फार वेळ टिकत नाही.

बाजारातल्या मावशी घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. "आतडी कशाला नेऊलालाव ओ मॅडम? मांजराला?" विद्यार्थिनीने त्यांना नीट सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हात थांबले नव्हते. बुळबुळ निघावी म्हणून त्या शिंगट्याला आधी मूठभर राख चोळतात आणि मगच विळीवर घेतात. मी म्हटलं, "मावशी, राख लावायच्या आधी एक मिनिट मला द्या." राख लागली की कातडीवरचं सगळं गेलंच.

तेवढ्या एका मिनिटात सापडली ती माशाची ऊ, आर्ग्युलस. शिंगट्याच्या पाठीवरच्या परामागे मसुराएवढा एक पारदर्शक ठिपका सरकत होता. चिमट्याने उचलून पाण्याच्या वाटीत सोडला तर तो गरागरा पोहायला लागला. भिंग धरलं की खालच्या बाजूला दोन गोल चूषकं दिसतात, अगदी काचेला चिकटवायच्या रबरी टोप्यांसारखी, आणि वर दोन काळे डोळे. मावशींनी विळी बाजूला ठेवली, भिंग मागितलं आणि शेजारणीला हाक मारली. मग दहा मिनिटं धंदा थांबला. "एवढी वर्षं राख चोळली की ओ ह्याच्यावर," त्या म्हणाल्या.

तिथून तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याला. कागदोपत्री हा एकरूख तलाव, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला. पण गावाला तो हिप्परगाच. बांधावर सूक्ष्मदर्शक मांडायला गाडीचं बॉनेट पुरतं. इथल्या एका छोट्या शिवड्याचे कल्ले आम्हाला मिळाले. कल्ल्याची एक लाल दातरी कापून सलाइनच्या थेंबात ठेवायची आणि वाट बघायची. सलाइन घरीच करतो, एक लिटर पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ. सुरुवातीला फक्त लाल पापुद्रे दिसतात. मग त्यातला एक पापुद्रा आपणहून हलतो, लांब होतो, आखडतो, पुन्हा लांब होतो. तो पापुद्रा नसतो. तो मोनोजेनियन नावाचा कृमी असतो, मिलिमीटरहूनही लहान, शेपटीच्या टोकाला आकडे रोवून कल्ल्याला धरून राहिलेला. शिवड्यावर मिळणाऱ्या त्यांच्या वंशाचं नाव थॅपरोक्लिडस, लखनौ विद्यापीठातले प्राध्यापक थापर यांच्या आडनावावरून पडलेलं.

एका माशातून दुसऱ्या माशात जायला याला मधला कोणी प्राणी लागत नाही. अंडं पाण्यात पडतं, त्यातून पोहणारं पिल्लू निघतं आणि ते थेट दुसऱ्या माशाच्या कल्ल्यावर जाऊन बसतं. मोकळ्या तलावात चार-सहा कृमींनी माशाचं काही बिघडत नाही. पण तेच मासे दाटीने शेततळ्यात भरले की कल्ले भरून जातात आणि मासा पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. शेततळं करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते, औषधाच्या आधी दाटी बघा.

दुसरा दिवस : टेंभुर्णी, उजनी, कुगाव

मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी. पुणे रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की लिहावं असं काही उरलेलं नाही. दोन तासांत धरणाशी.

उजनीबद्दल सोलापूरकराला सांगावं लागत नाही. इथे लोक धरण किती भरलं हे विचारत नाहीत, "प्लस की मायनस?" असं विचारतात. ११७ टीएमसीचं हे धरण, १९८० साली पूर्ण झालेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे शून्य पातळीच्या खाली, मोडतं, म्हणून उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये जातं आणि तरीही समोर समुद्रासारखं पाणी दिसत असतं. पाणी फार खाली गेलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि देवळांचे कळस वर येतात. या वेळी मात्र पाणी काठोकाठ होतं.

कंदरच्या केळीच्या बागा ओलांडून जेऊर, चिखलठाण आणि मग कुगाव. रस्ता इथे पाण्यातच संपतो. पलीकडचा इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून इथून कळाशीला होडी चालते. २०२४ च्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात याच वाटेवर बोट उलटून सहा जण गेले. आम्ही उतरलो तेव्हा मामांनी सगळ्यात आधी लाइफ जॅकेटं डिकीतून काढून काठावर मांडली. कुणी काही बोललं नाही.

ज्या काकांकडे आम्ही उतरणार होतो ते तीन पिढ्यांचे मच्छीमार. त्यांच्या वडिलांनी नदीत जाळी टाकली, त्यांनी धरणात. संध्याकाळी ते जाळं टाकायला निघाले तेव्हा आम्हीही गेलो. जाळं सोडता सोडता ते बोलत होते.

"शिवडा आता कमीच, ताई. जाळं भरतं ते चिलापीनं. आन् वडापवाल्यांनी तर बोटाएवढं मासंबी ठेवलं न्हाईत."

चिलापी म्हणजे तिलापिया मासा. आणि वडाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्रवासी जीप येते. इथे वडाप म्हणजे बारीक आसाचं ओढायचं जाळं, मनाई असूनही चालणारं. त्यात माशांची पिल्लं किलोकिलोने येतात आणि सुकटीच्या भावाने जातात. काकांचं दुःख पोटाचं आहे. माझ्या डोक्यात त्याला जोडून आणखी एक गोष्ट घोळत होती. बोटाएवढे मासे गेले तर शिवड्याने खायचं काय? आणि त्या बोटाएवढ्या माशांच्या अंगात बसून शिवड्यापर्यंत जाणाऱ्या कृमींचं काय?

कुणाला वाटेल, कृमी गेले तर बरंच झालं. मला तसं वाटत नाही. पर्णकृमीला, म्हणजे पानासारख्या चपट्या कृमीला, एका पिढीत गोगलगाय लागते, छोटा मासा लागतो, मोठा मासा किंवा पक्षी लागतो. या साखळीतली एक कडी तुटली तर तो संपतो. म्हणजे ज्या शिवड्यात तऱ्हेतऱ्हेचे कृमी आहेत, त्याच्या भोवतालचं पाणी अजून गोगलगायींनी, माशांनी, पक्ष्यांनी भरलेलं आहे. पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिला तर त्या दिवसाचं पाणी कळतं. शिवड्याचं पोट उघडलं तर त्याने वर्षभरात काय काय खाल्लं ते कळतं.

रात्री काकूंनी ज्वारीची भाकरी, चिलापीचं झणझणीत कालवण आणि वर शेंगांची चटणी वाढली. अंगणात झोपलो. मामा घोरत होते आणि पाण्यावरून कुठूनतरी रोहित पक्ष्यांचा कलकलाट येत होता.

तिसरा दिवस : फुगा

पहाटे पाण्यावर वाफ होती. पाणकावळे आमच्याआधी कामाला लागले होते. एकाने बुडी मारली, वर आला, चोचीतला मासा उडवून डोक्याच्या बाजूने गिळला. जाळ्यात बहुतेक चिलापी, दोन-तीन रोहू आणि अगदी शेवटच्या हातात शिवडा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढा. चपटं डोकं, डोळ्यांच्याही मागे जाणारं रुंद तोंड, चार मिशा. त्यातल्या वरच्या दोन इतक्या लांब की मागे पोटापर्यंत वळतात. या तोंडावरूनच कळतं की हा मासा दुसऱ्या माशांवर जगतो.

काठावर आल्यावर काकूंनी तो चिरायला घेतला. मी शेजारी बसले. पोट उघडल्यावर पाठीच्या कण्याखाली फुगा दिसतो, माशाला पाण्यात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी. पांढरट, चकचकीत, जाड कातडीची.

"ह्यात जळवा असत्यात," काका म्हणाले. मी काही सांगायच्या आधीच. "समद्या न्हाई, पर मोठ्या शिवड्यात असत्यातच. माझा बाप दावायचा."

मी कात्रीचं टोक हलकेच घातलं. फस्सदिशी हवा गेली. पिशवी उलगडली आणि आत, ओल्या पांढऱ्या अस्तरावर, तीन लालसर पानं चिकटलेली होती. विड्याच्या पानाचं टोक खुडून घ्यावं तशी, दोन-तीन सेंटिमीटरची, मांसल. एक पान हळूच कडेने मुडपलं. दुसऱ्याने पुढचं टोक उचललं, हवेत चाचपलं आणि पुन्हा टेकवलं. विद्यार्थिनीने पुस्तकात हे चित्र कित्येकदा बघितलं होतं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, हा श्वास घेतोय असं वाटतंय."

हा आयसोपारॉर्किस. पर्णकृमींमधला दांडगा प्राणी. त्याच्या बहुतेक भाऊबंदांना आतड्यात राहायला आवडतं. याने हवेची पिशवी निवडली. भिंगातून बघितलं तर पोटाच्या बाजूला दोन चूषकं दिसतात, एक तोंडाशी लहान आणि एक खाली मोठं. पिशवीच्या भिंतीतल्या रक्तावर तो पोसतो, म्हणून तो लालसर दिसतो. काकांच्या वडिलांनी त्याला जळू म्हटलं ते रक्तावरूनच असणार. नाव शास्त्रात बसत नसलं तरी निरीक्षण पक्कं होतं. हा कुठल्या माशात असतो आणि कुठल्या अवयवात असतो, हे त्यांना कुठलंही पुस्तक न उघडता ठाऊक होतं.

मी काकांना विचारलं, "छोट्या माशांच्या मांसात काळे डाग दिसतात का?"

"दिसत्यात की. शाई सांडल्यावानी. गिऱ्हाईक घेत न्हाई मग."

तोच हा. याची कोवळी अवस्था छोट्या माशांच्या मांसात शिरून बसते आणि तिथे काळा रंग साठतो. इंग्रजीत तर त्याला शाईचाच रोग म्हणतात. शिवडा तो मासा गिळतो, कोवळा कृमी शिवड्यात मोठा होतो आणि फुग्यात येऊन राहतो. शाईचा डाग आणि फुग्यातलं लाल पान ही एकाच प्राण्याची दोन वयं आहेत, हे काका आणि काकू दोघांनी ऐकलं. काकूंनी तेवढ्यात नेमका प्रश्न विचारला.

"मग आम्ही हे खातो त्याचं काय, ताई?"

हा प्रश्न मला प्रत्येक काठावर विचारतात आणि त्याचं उत्तर मी कधीही घाईत देत नाही. आपल्याकडे मासा रटरट शिजवून खातात. मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला पोचला की यातला कुठलाही कृमी जिवंत राहत नाही, आणि आपलं कालवण त्याच्या कितीतरी वर उकळतं. धोका असतो तो कच्च्या, अर्धवट भाजलेल्या किंवा नुसत्या लिंबात मुरवलेल्या माशात. नॅथोस्टोमा नावाचा एक गोलकृमी आहे, मागूर आणि मरळ या माशांमधून तो माणसात येऊ शकतो आणि कातडीखाली हिंडत राहतो. तो येतो कच्च्या माशातून. मी काकूंना इतकंच म्हटलं, आतडी-फुगा काढून टाका, विळी नि पाट गरम पाण्याने धुवा आणि निखाऱ्यावरचा मासा आतून गुलाबी असताना पोरांना देऊ नका. त्यांनी मान हलवली. त्यांना ते नवीन नव्हतंच.

शिवड्याच्या आतड्याभोवतालच्या पडद्यावर आणखी काहीतरी होतं. पारदर्शक पिशव्यांमध्ये घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या अळ्या. मोजल्या तर अकरा. या कॉन्ट्रासिकम गोलकृमीच्या अळ्या. माशाच्या अंगात त्या मोठ्या होणारच नाहीत, वाट बघत राहतील. समोर ठोकळ्यावर पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याने हा मासा गिळला असता तर त्याच्या जठरात त्या मोठ्या झाल्या असत्या, अंडी घातली असती, अंडी विष्ठेतून पाण्यात पडली असती आणि तिथून सायक्लोप्स नावाच्या बारीक पाणपिसवेमार्फत पुन्हा माशात आली असती.

सायक्लोप्स म्हटल्यावर मला आजी आठवते. तिच्या घोट्यावर नारूचा व्रण होता, पैशाएवढा, गुळगुळीत. विहिरीचं पाणी फडक्याने गाळून प्यायची तिची सवय नळ आल्यावरही सुटली नाही. नारूचा कृमीही याच पाणपिसवेतून माणसात यायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. फडकं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं आणि घरोघर जाऊन सांगणं, एवढ्यावर ते झालं. लस नव्हती, खास औषध नव्हतं. त्या कृमीची वाट नेमकी कुठून जाते हे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, म्हणून ती अडवता आली.

तीन लाल पानं आम्ही घेतली. दोन गरम फॉर्मलिनमध्ये, एक शुद्ध अल्कोहोलमध्ये, पुढेमागे डीएनए बघायला.

चौथा दिवस : कुडल

सोलापुरात रात्र काढून सकाळी विजापूर रस्त्याला लागलो आणि पुढे आत वळलो. हत्तरसंग कुडल, शहरापासून सुमारे ४० किलोमीटर. इथे सीना भीमेला मिळते आणि पलीकडचा काठ कर्नाटकाचा.

आधी संगमेश्वराचं दर्शन. आवारात ते बहुमुखी शिवलिंग, ३५९ मुखं कोरलेलं. तुळईवरचा लेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. शेवटची ओळ आता शाळकरी पोरंही म्हणतात, 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचेल तो विजयी होईल. विद्यार्थिनीने तुळईखाली उभं राहून बोटाने हवेत अक्षरं लावली. झिजलेल्या दगडातला 'व' कुठला आणि 'च' कुठला यावर तिचा नि मामांचा बराच वेळ वाद चालला.

संगमावर गळ टाकून बसलेल्या एका दादाकडे बादलीत दोन मागूर होते. या माशाला कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत लाल झाडोऱ्यासारखा एक अवयव असतो. त्याने तो हवेतून श्वास घेतो आणि चिखलातही दिवस काढतो. पण पहिल्यांदा बघावं लागतं ते मागूर कुठला हे. आफ्रिकेतून आलेला, लोक ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, २००० सालापासून बंदी असूनही तळ्यांत पाळला जातो आणि पुरात निसटून नदीत येतो. दादाच्या बादलीतला मोठा तोच निघाला, कबऱ्या कातडीचा. लहान होता तो आपला देशी. मासे दादाचे होते आणि घरी जाऊन शिजणारच होते. त्याने तिथेच साफ करून दोन्हींची आतडी आमच्या हाती दिली.

परदेशी माशाच्या आतड्यात काहीच नव्हतं. देशीच्या आतड्यात, पुढच्या भागात, सात पांढरे फीतकृमी. फीतकृमी म्हटलं की खंडाखंडांची लांब फीत डोळ्यांपुढे येते. याला खंडच नसतात. एकसंध अंग, अडीच-तीन सेंटिमीटर, डोक्यावर आकडे नाहीत, चूषकं नाहीत. लायटोसेस्टस. १९२५ साली मोघे या आपल्याच मराठी संशोधकाने मागुरातून या गटातला कृमी वर्णिला, लायटोसेस्टस इंडिकस. गाळात राहणाऱ्या बारीक लाल गांडुळांमधून तो माशात येतो. सांडपाण्याच्या गाळात ही गांडुळं माजतात, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

आणि आता ती गोष्ट, जी या सगळ्या फेरीत माझ्या मनात होती.

माझ्या एमएस्सीच्या वर्षी मीही मागुरातले असेच कृमी काढले होते. मासा बाजारातून दुपारी आणलेला, कृमी अर्धमेले. मी ते दोन काचपट्ट्यांत ठेवले, दोऱ्याने आवळले, वर वजन ठेवलं आणि मग रसायन सोडलं. त्या काळी सगळे तसंच करायचे. मग मोजमापं घेतली. एकाची मान लांब निघाली, दुसऱ्याची आखूड. एकाचं अंडाशय इंग्रजी एच अक्षरासारखं, दुसऱ्याचं पसरट. मी वहीत लिहिलं, दोन वेगळ्या जाती. तो एकच कृमी होता. एक जास्त दाबला गेला होता, एक कमी. मला हे कळायला सहा वर्षं लागली.

मी एकटी नव्हते. २०११ साली भारतीय आणि चेक संशोधकांनी मिळून मागुरातल्या या खंडहीन फीतकृमींची सगळी जुनी वर्णनं तपासली. ५९ नावं होती. त्यातली आठ टिकली. बाकीची नावं दाबलेल्या, आखडलेल्या, कुजायला लागलेल्या कृमींना दिलेली होती आणि त्यातली कितीतरी आपल्या महाराष्ट्रातून दिली गेली होती. प्रत्येक नावामागे कुणाची तरी पदवी होती, कुणाचे तरी कष्ट होते. मला त्या माणसांना नावं ठेवायची नाहीत, मी त्यांच्यातलीच आहे. पण हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही आणि त्यानंतर मी दोरा नि वजन कपाटातून काढून टाकलं.

म्हणून आता आम्ही गॅसची छोटी शेगडी बरोबर ठेवतो. फॉर्मलिनचं चार टक्क्यांचं द्रावण जवळजवळ उकळीला आणायचं. कृमी जिवंत असतानाच सलाइनमध्ये धुऊन घ्यायचा, लांब झालेला क्षण बघायचा आणि त्यावर एकदम गरम द्रावण ओतायचं. वाऱ्याकडे पाठ करून, कारण तो धूर डोळ्यांना झोंबतो. क्षणात कृमी सरळ, मोकळा, आपल्या खऱ्या लांबीत स्थिर होतो. सातातले पाच असे स्थिर केले. दादा विचारत होता, "सरळ कशाला करता?" विद्यार्थिनी म्हणाली, "फोटोला उभं राहताना आपण नाही का सरळ उभं राहत, तसं."

पाचवा दिवस, आणि खरं तर सहावाही : प्रयोगशाळा

प्रवास संपला तरी काम इथून सुरू होतं. कृमी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये धुतले आणि कार्मिनच्या लाल रंगात सोडले. कार्मिन म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून काढलेला रंग. सुरुवातीला सगळा कृमी गडद लाल होतो, आतलं काही दिसत नाही. मग आम्लाचे थेंब घातलेल्या अल्कोहोलमध्ये तो रंग हळूहळू उतरवायचा असतो. बाहेरचं अंग फिकं व्हायला हवं, आतली वृषणं, अंडाशय, गर्भाशय लाल राहायला हवीत. एक मिनिट जास्त झालं तर सगळंच धुऊन जातं. कुठे थांबायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिता येत नाही.

मामा डबा घेऊन आले होते. मागे उभे राहून बघत होते. एकदम म्हणाले, "काढ की गं आता. बस झालं."

मी म्हटलं, "अजून गडद आहे, मामा."

"ओलं असताना गडदच दिसतंय. वाळल्यावर दोन छटा खाली येतंय. काढ."

काढला. मामांनी तीस वर्षं सूत हौदातून काढलं आहे, ओल्या रंगावरून सुकलेला ओळखला आहे. पुढच्या सगळ्या नमुन्यांची वाटी त्यांनीच बघितली; मी फक्त चिमटा धरला. पाचही कृमी एकसारखे उतरले. एवढी एकसारखी रांग माझ्या हातून आजवर कधी उतरली नव्हती.

मग लवंगाच्या तेलात. कृमीला काचेसारखं पारदर्शक करायला ते लागतं. खोलीभर मसाल्याच्या डब्यासारखा वास सुटला. सूक्ष्मदर्शकाखाली तो आला तेव्हा विद्यार्थिनी आधी बसली. अंगात वृषणांचे गोल दाणे, मागच्या टोकाकडे अंडाशयाचे दोन पंख आणि त्यांना जोडणारा पूल, मध्ये वेटोळं घातलेलं गर्भाशय आणि त्यात अंडी. तिने चित्र काढायला घेतलं. मान मोजली, पाचही नमुन्यांची. फरक होता, पण थोडाच, आणि तो तिने प्रत्येकाच्या नावापुढे लिहिला.

चिठ्ठीवर लिहिलं : यजमान देशी मागूर, अवयव आतड्याचा पुढचा भाग, ठिकाण भीमा-सीना संगम, हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर. तारीख. स्थिर करण्याची पद्धत. मासा कसा मिळाला तेही. जातीच्या नावाच्या जागी तिने पेन्सिलीने फक्त 'लायटोसेस्टस' लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे एवढंच. आणखी दहा मागूर बघू, मग.

संध्याकाळी कुगावहून फोन आला. काकूंचा आवाज.

"ताई, आज दोन शिवडं आल्यात. फुगं फोडलं न्हाईत, बर्फात ठिवल्यात. एकात काळं डाग असलेलं मासंबी हायेत पोटात, ती बी राखून ठिवलीत. कवा येताय?"

मामांनी किल्ली उचलली होती.